आत्याबाईचे लाकडी बूट

शनिवार, ता. १४, सकाळी नऊ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरा आहे. नळ अजून गळतो. वॉशर बदलला तरी गळतो, म्हणजे नळच गेला असणार, नाहीतर माझा हात. तू जेवलास का? प्रयोगाच्या दिवशी तू उपाशी राहतोस. राजपुत्र होतास तोवर ठीक होतं, आत्याबाईला पोटात आधार लागतो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाल.

बूट काल पोचवले. घासून तेल लावलंय. घालून बघितलेस का? नसशील तर अजून घालू नकोस. का ते सांगतो.

परवा तालमीला मी शेवटच्या रांगेत होतो. नंतर तू विचारलंस, "दादा, कसा वाटलो?" मी म्हणालो, "झगा लांब होतोय." झगा लांब नव्हता.

बॅलेत आपली वाटणी ठरलेली होती. तू राजपुत्र, मी आत्याबाई. टाळ्या तुझ्या, हशा माझा. तुला फुलं मिळायची तेव्हा मला वाईट वाटायचं नाही. खोटं कशाला लिहू, वाटायचं. पण हशा होता ना. आता तुझ्या उडीतला जोर गेला, माझे गुडघे गेले, आणि संचालकांनी आत्याबाई तुला दिली. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. आपल्या घरात दोन मिशीवाले, आणि दोघांनाही आत्याबाईच व्हायचंय.

टेबलावरचा नाच संपताना ती डाव्या पायावर कडेपर्यंत घसरते, पडते पडते आणि पडत नाही. मी तिथे डोळे मोठे करून लोकांकडे बघायचो. तू बघितलंच नाहीस. सावकाश झगा सारखा केलास, कुणी पाहिलं तर नाही ना, अशा बेतानं. एवढंच. एकतीस वर्षांत मला ते सुचलं नाही.

आपल्या शिवणबाई माहीत आहेत ना, "तोंडात टाचण्या आहेत, हसू कशी?" म्हणणाऱ्या? तेव्हा माझ्या शेजारी त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. वेचतानाही हसत होत्या. मला म्हणाल्या, "तुमची आत्याबाई बघून हसायला यायचं हो. यांची बघून हसायलाही येतं नि तिची दयाही येते."

ज्याची भूमिका त्यानंच बूट घासायचे, ही आपल्याकडची पद्धत. तालमीनंतर मी म्हणालो, "शेवटचं एकदा मला घासू दे." तू मला मिठी मारलीस. रडलाससुद्धा, वेड्या.

घरी येऊन डाव्या बुटातली टाचेखालची लोकरीची गादी मी सोलून काढली. ती नसली की कडेला पाय बुटात पुढे सरकतो आणि घोटा जातो. पहिल्या वर्षी माझा गेला होता, म्हणूनच ती बसवली. तुला कधी सांगितलं नाही. तू पडशील, लोक म्हणतील थोरल्याची सर नाही, इथवरच विचार केला. त्यापुढचं मनात येऊ दिलं नाही. आज पहाटेपासून तेवढंच दिसतंय. तुझा पाय, आणि तू लहानपणी पडलास की आधी माझ्याकडे बघायचास ते.

गादी सोबत आहे. शिवणबाईंच्या हाती देतोय, वाटेत कुठे थांबू नका म्हणून तीनदा बजावलंय. गोंदानं चिकटवू नकोस, सुटते. बारीक खिळे मार, डोकी आत बुडव. मग टेबलावर दहा वेळा घसरून बघ. दहा म्हणजे दहा.

वरच्या चुका पोटात घाल म्हणालो. ही घालता आली नाही तरी चालेल.

संध्याकाळी मी येणार नाही. आलो तर शेवटच्या रांगेत असेन. माझं हसू ऐकू आलं तर तिकडे बघू नकोस, झगा सारखा कर.

आजपासून नुसता
तुझा दादा