श्रीला खुनी हवाय

१४ नोव्हेंबर
निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि 'सेशन्स कोर्टाची वाघीण' असं भाषण. वाघीण सहाला गिरगावात परतली आणि वरणाला फोडणी दिली. अठ्ठावन्न हे काही वकिलाचं निवृत्तीचं वय नव्हे. या वयात आमच्यातल्या पुरुषांना नुकतं कमी ऐकू यायला लागतं आणि ते फी वाढवतात. पण नवरा परळच्या हॉस्पिटलात सलाइन लावून पडलेला आणि बायको आरोपींच्या जामिनासाठी पळतेय, हे जमेना.
श्री म्हणाला, "आता घरी बसून काय करणार, वकीलसाहेब? मलाच उलटतपासणार?"
म्हटलं, रहस्यकथा लिहिणार.
पोट धरून हसला. दुखत होतं तरी.

१९ नोव्हेंबर
केमोला चार तास. प्र. १ तिथेच वाचून दाखवलं. चाळीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत रिडेव्हलपमेंटच्या एजंटचं प्रेत. तिसऱ्या मजल्यावरच्या माई कुरडया वाळत घालायला वर जातात, त्यांना दिसतं. संशयित चार: सोसायटीचा सेक्रेटरी, एजंटचा भाचा, तळमजल्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर, आणि माई.
श्रीने आयुष्यभर छापखान्यात प्रुफं वाचली. सुई हातात असली तरी सवय जात नाही. "एका परिच्छेदात तीनदा 'अचानक'. खून एकच आहे ना?"
शेजारच्या खाटेवरच्या साताऱ्याच्या बाई कान देऊन ऐकत होत्या. "मग कुनी मारला वो त्याला?"
श्री म्हणाला, "तेच ऐकायला तर इथे येतो. सलाइन काय, कुठेही मिळतं."

२७ नोव्हेंबर
श्रीने ओळखला. "सेक्रेटरी." बरोबर होतं. पहिल्या पानापासून माझ्या मनात सेक्रेटरीच होता.
संध्याकाळी बसले आणि सेक्रेटरीला बदलापूरला पाठवून दिलं. मुलीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, पाहुणे उशिरा आले, मुक्काम. साक्षीदार सात. कोणी बोट दाखवून 'हाच' म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो, त्याला मी काय करू.

८ डिसेंबर
श्री: भाचा. मी: भाचा डावखुरा, घाव उजव्या हाताचा. सुटला.
श्री: मग कंपाउंडर. मी: पंचनाम्यावर पंचाची सही नाही. तोही सुटला.
"अगं, ही कादंबरी आहे की सुटकेचा हुकूम?"
शेजारच्या सावंतवहिनी पेज घेऊन आल्या होत्या. त्यांनाही रोजचं प्रकरण लागतं आता. म्हणाल्या, "काय वो वकिलीणबाई, कोणीच मारूक नाय तर तो काय आपणच जावन टाकीत पडलो?"
श्रीने पेज अर्धी वाटी घेतली. वहिनी गेल्यावर ओकला. मी वाटी विसळत होते, तर म्हणाला, "हे नको लिहू हां तुझ्या डायरीत."
लिहिलं.

२२ डिसेंबर
डॉ.ची वेळ मिळाली. वीस मिनिटं 'बघू या', 'रिस्पॉन्स अपेक्षित नाही, पण', 'प्रत्येक पेशंट वेगळा'. माणूस वकिलीत आला असता तर माझ्या पोटावर पाय आला असता.
ज्युनियरांना मी पहिल्या दिवशी एकच शिकवायचे: उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही.
विचारला. "गुढीपाडवा दिसेल का त्याला? हो की नाही?"
साक्षीदार सरळ निघाला. एका शब्दात उत्तर दिलं.
बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं स्टोव्ह पेटवून भात शिजवत होती. त्यांच्यात जाऊन बसले. एका म्हाताऱ्याने काही न विचारता चहा पुढे केला. बिनसाखरेचा होता की मलाच चव कळली नाही, कोण जाणे.

२८ डिसेंबर
श्रीला सगळं सांगितलं नाही. तो म्हणाला, "स्वादुपिंड. नाव काय गोड ठेवलंय बघ. मी प्रुफात बघितलं असतं तर खूण केली असती."

४ जानेवारी
गौरी बंगलोरहून आली. बाबांचे पाय चेपत बसली होती. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, संपव ना ते पुस्तक. बाबा रोज मला विचारतात, आईने तुला सांगितलं का कोणी केलं ते."
"संपवते."
संपवणार नाही. हिला काय सांगू? कच्चे कैदी पाहिलेत मी, वर्षानुवर्षं खटला लांबलेले. तारखेला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहणार, ताठ. निकाल लागला की कोसळतात. शिक्षा लागलेले कोसळतात, सुटलेलेही कोसळतात. धरून ठेवते ती पुढची तारीख. आणि तारखा घेणं एवढं एक मला या शहरात कोणाहूनही चांगलं येतं.
म्हणून प्र. ९ मध्ये नवा जबाब. प्र. १० मध्ये जुना जबाब फिरला. माई राहिल्या होत्या, त्यांना आदल्या रात्री चिपळूणला पुतणीच्या लग्नाला धाडलं. पहाटे परतल्या आणि थेट गच्चीवर.

१४ जानेवारी
तिळगूळ हातात धरून बसला नुसता. मग तो माझ्याच तोंडात घातला.
प्र. १२ वाचलं. डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "यात काहीच घडत नाही."
"वातावरणनिर्मिती आहे."
"तू तारखा घेतेयस."
मी चष्मा पुसला.
"माझ्यावर धंद्याचे डावपेच करू नकोस, सुमे." वकीलसाहेब नाही, सुमे. "मला खुनी हवाय. बाकी काही मागितलंय का मी?"
मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. सावंतवहिनींनी त्यांचा टीव्ही मोठा केला, आमचं ऐकू येत नाही असं दाखवायला. चांगली बाई.

२ फेब्रुवारी
उपचार थांबवले. आता घरीच. खाट गॅलरीजवळ सरकवली, त्याला समोरच्यांच्या कुंड्या दिसतात. नर्स सकाळी येऊन औषधं देऊन जाते. गौरी रजा वाढवून घेतेय. आवाज कागदासारखा झालाय त्याचा.
दुपारी ठरवलं, आज सांगून टाकायचं. पहिल्यापासून सगळी प्रकरणं काढली. सेक्रेटरी बदलापूरला. भाचा डावखुरा. कंपाउंडर संशयाचा फायदा. माई चिपळूणला. एकेकाची इतकी चोख सुटका केलीय की कोणालाच परत आत घेता येत नाही. टाकीत प्रेत आहे आणि चाळभर निर्दोष माणसं.
श्री म्हणाला, "सांग."
"मला माहीत नाही, श्री."
म्हणाला, "हे मात्र खरं बोललीस."

९ फेब्रुवारी
सकाळी शुद्धीवर होता. खूण करून जवळ बोलावलं. कान त्याच्या तोंडाशी नेला.
"माई."
"काय माई?"
"त्यांनीच." थांबत थांबत सांगितलं. रोज गच्चीवर गेल्या की माई आधी टाकीचं झाकण बघतात, असं पहिल्या प्रकरणात मी लिहिलंय. त्या दिवशी मात्र सरळ आत डोकावतात. झाकण उघडं आहे हे त्यांना आधीच माहीत होतं.
मी हे लिहिलंय? लिहिलंय. चिपळूण जिभेवर आलं होतं. गिळलं.
"हो," म्हटलं. "माईच. ओळखलंस."
मला वाटलं हसेल. त्याने आठ्या घातल्या.
"उलटतपासणी नाही?"
"नाही."
"एवढं वाईट चाललंय माझं?"
गौरी दारातून बाजूला झाली. माझ्या तोंडून निघालं ते कोर्टातल्या आवाजात निघालं. "माई त्या रात्री चिपळूणला होत्या! पुतणीच्या लग्नाला. प्रुफं वाचतोस की झोपा काढतोस?"
"हां." ओठ हलले, हसला. "लग्नाचा फोटो?"
"आहे."
"माई आहेत त्यात?"
इतक्या वर्षांत मला कोणी असं पकडलं नव्हतं.
"बघून सांगते."
"मुदत मागतेस?"
"हो."
"दिली. संध्याकाळपर्यंत."
"उद्या घेते ना."
"नाही. संध्याकाळ."

तेव्हापासून झोपलाय. वहिनी पेज ठेवून गेल्या, कोणासाठी ते त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. गौरी त्याचा हात धरून बसलीय.
लग्नाचा फोटो लिहून झाला. वधूवर, दोन्हीकडचे आईबाप, पहिल्या रांगेत खुर्च्या. मांडीवर पोरं. डावीकडून तिसरी खुर्ची, तिच्यात अजून कोणाला बसवलेलं नाही.
समोरच्या कुंड्यांवरचं ऊन गेलं. श्वास मोठा येतोय. उठला की वाचते.