सातवी गोळी

३ मार्च, सोमवार

सहा! दुरुस्तीच्या पुस्तकात सात लिहिल्यात आणि माझ्या पुठ्ठ्यावर सहाच. तीनदा मोजल्या!

ती राखाडी गाडी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद विचार करत बसते, म्हणून तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वॉल्व्ह बॉडी आज उघडली. कुठल्या गिअरला कधी तेल सोडायचं ते हीच ठरवते. आत नुसत्या वळणावळणाच्या खाचा, आणि त्यांत मिरीएवढ्या पोलादी गोळ्या. चुंबकाच्या बुडाचा दिवा अगदी जवळ ओढला, मधला पत्रा हळूच उचलला, एकेक गोळी चिमट्याने काढून पुठ्ठ्यावरच्या नकाशात जागच्या जागी ठेवली. गॅरेजमधल्या काकांनी शिकवलं तस्संच.

दादा, म्हणजे आमचा मालक, केबिनमधून डोकावून म्हणाला, "तुझ्याच हातून पडली असेल. शोध खाली." शोध खाली! बारा वर्षांत माझ्याकडून साधा वॉशर हरवला नाही. तरी रांगत रांगत अख्खी फरशी पालथी घातली. सापडलं काय, तर दादाच्याच पेनाचं टोपण.

४ मार्च

अंगाचा नुसता तिळपापड होतोय. जुन्या नोंदी काढल्या. चार वर्षांपूर्वी हीच वॉल्व्ह बॉडी काकांनी उघडली होती! खाली सही. म्हणजे सातवी तेव्हाच घालायची राहिली! वही नेऊन दादासमोर आपटली — सगळ्यांदेखत.

काका म्हणाले, "अगं, चार वर्षं सहावर चालली असती तर गिअर बदलताना झटके दिले नसते का?"

गिऱ्हाईकही म्हणतं, झटका कधीच नव्हता. पण गिऱ्हाइकाला झटका कळतो तरी का!

"डोळे अधू झालेत तुमचे, ते कबूल करा ना," मी म्हटलं. काका चष्मा पुसत राहिले.

५ मार्च

रिव्हर्सचा वॉल्व्ह गाळाने अडकला होता. धुऊन मोकळा केला, आता बोटाच्या धक्क्याने सरकतो. नवी सातवी गोळी घातली, बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने आवळले. गाडी कशी लोण्यासारखी चालली! दादा म्हणतो, "मानलं." आणि सोमवारी काय म्हणत होतास रे?

६ मार्च

दादाने काकांना सांगितलं, "गिअरबॉक्स आता नको, काका. तुम्ही आपले टायर बघा."

काका म्हणाले, "राहिली असेल माझ्याकडूनच." मग स्वतःचा चिमटा माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि घरी गेले. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

७ मार्च

काका आले नाहीत. काकूने फोन उचलला — "झोपलेत," म्हणाली. सकाळी अकरा वाजता? काका?

मला त्यांचाच राग येतोय. भांडायचं ना! मला भांडायला कोणी शिकवलं? तिसऱ्या बोल्टाला हात लावायच्या आधी चौथा सोडला म्हणून माझ्यावर केवढे ओरडायचे, आणि आता गप्प? मी खरं तेच बोलले. त्यात माझं काय चुकलं? डबा तसाच परत आणला. वाईट वाटतंय, आणि वाईट का वाटावं म्हणून आणखी संताप येतोय.

८ मार्च, शनिवार

दिव्याचं बूड तेलकट झालं होतं, म्हणून पुसायला उलटा केला. चुंबकाच्या कडेला, मळात रुतलेली — सातवी.

मंगळवारी सगळ्यांदेखत बोलले होते. आता सगळ्यांना हाक मारते. मग चिमटा घेऊन काकांकडे.