बाबांचं मशीन

दादा,

बाबांना मोठ्या दवाखान्यात घेऊन चालले आहे. उजव्या हाताची दोन बोटं मशीनच्या पट्ट्यात सापडली. आई शेजारच्या काकूंकडे बसली आहे. तिला चार घास खायला घाल, बोटांचं एवढ्यात बोलू नकोस.

मोटरने जनरेटर फिरवायचा आणि त्याच विजेवर ती मोटर चालवायची, हे बाबांचं वेड तुला सुरुवातीपासून ठाऊक होतं. आज त्यांनी मशीन घरच्या विजेवर सुरू केलं आणि मग प्लग काढला. चाक मंदावायला लागलं, तसे ते हाताने ढकलायला गेले.

परवा त्यांनी तुला विचारलं होतं, "एवढी ताकद जाते तरी कुठे रे?" पट्टा तापतो, बेअरिंग तापतं, मोटरच्या तारा तापतात, घरभर घरघर होते. ताकद तिथेच जाते आणि गेलेली परत येत नाही. हे तू कॉलेजात मुलांना शिकवतोस. बाबांना मात्र म्हणालास, "जमत आलंय, बेअरिंग बदलून बघा." आणि बाहेर येऊन मला हसत सांगितलंस, "राहू दे गं, म्हातारा गुंतलाय, आपल्या डोक्याला ताप नाही."

गाडी दारात आली आहे. त्यांचा चष्मा आणि धुतलेला सदरा घेऊन ये. टॉवेलात हात गुंडाळून बसलेत आणि मला म्हणतात, "दादाला सांग, या वेळी थांबणार नव्हतं. माझाच हात आडवा आला."

खरं काय ते मी सांगणार नाही. ते तू येऊन सांग.

चिमी