पॅरिसच्या वळणाचं फ्रेंच

३ फेब्रुवारी
डीनबाई हॅस्केल यांनी बोलावलं. कॉलेजचा फ्रेंच विभाग बंद करायचा विचार आहे म्हणाल्या. विभाग म्हणजे मीच. मार्चमध्ये गावासमोर सुनावणी. मला हसू आलं. निम्मं गाव घरात फ्रेंच बोलतं आणि इथे फ्रेंच बंद? अशक्य!
संकल्प: हॉल गावकऱ्यांनी भरून टाकायचा. सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या टोकाला काढलीत. आपल्या शब्दाला वजन असणारच.

४ फेब्रुवारी
अडचण एकच. गावकऱ्यांचं फ्रेंच. पणजोबांनी नदीपलीकडून, कॅनडातून आणलेलं, लाकूडतोड्यांचं. ऐकलं की आपले उच्चार बिघडतात. म्हणून मी गावात पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी बोलतो. शिस्त म्हणजे शिस्त.

९ फेब्रुवारी
वर्गात मिशो पुन्हा आजीचा शब्द बोलला. खोडून काढला. म्हणाला, सर, आजी विचारते, तुमचे सर नक्की शिकवतात तरी काय? म्हटलं, पॅरिसचं वळण. त्याने वही मिटली. पटलं असावं.
आजी म्हणजे मादाम पेल्तिए, माझ्या गल्लीतली. गाव तिच्या शब्दाबाहेर नाही. आधी तिला पटवायचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
चर्चच्या तळघरात बीन्सचं गावजेवण. मादामनी स्वतः प्लोय वाढले (इथले घावन, बरे असतात). मग फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, हळूहळू, मोठ्याने, हातवारे करून. केवढा हा आदर! मी इंग्रजीत म्हटलं, छान झालेत. त्यांनी शेजारणीकडे बघून मान हलवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आणखी दोन वाढले.
सुनावणीचं सांगितलं. सगळे म्हणाले, प्रोफेसर, काळजी सोडा, आम्ही आहोत ना! भाषण करणार होतो, पण तोंडात घास होता. एकंदरीत विजयच.

२८ फेब्रुवारी
सुनावणीचं भाषण फ्रेंचमध्ये करायचं ठरवलं. गाव थक्क होईल. रोज आरशासमोर तालीम. घरात ऐकायला दुसरं कोण आहे? बायको हेलन सोडून गेली त्याला सहा वर्षं झाली. वाईट वाटतं का, असं कोणी विचारत नाही. मीही विचारत नाही.

१२ मार्च, रात्री
हॉल खचाखच. डीनबाईंचा चेहरा बघण्यासारखा. माझ्याआधी मादाम पेल्तिए उठल्या. म्हणाल्या, या बिचाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका. सव्वीस वर्षं आमच्यात राहतोय, फ्रेंचचा एक शब्द येत नाही, तरी रोज पुस्तकं काखेत मारून कॉलेजात जातो. चिकाटी बघा जरा! अजून थोडा वेळ द्या त्याला. नाहीच जमलं तर आम्ही शिकवू.
टाळ्या.
मग मी उठलो. उत्तम बोललो. एकही उच्चार चुकला नाही. शेवटी मादाम आनंदाने ओरडल्या, अगं बाई, बघा, लागला की बोलायला!
पुन्हा टाळ्या. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

१६ मार्च
डीनबाईंचा फोन. अभिनंदन, फ्रेंच वाचलं! सप्टेंबरपासून मादाम पेल्तिए शिकवणार, चर्चच्या तळघरात. कल्पना सभेतूनच सुचली म्हणे. माझी जागा मात्र मे महिन्यापर्यंत.
काही वाटलं नाही. थंडीमुळे असेल.

२० मे
ऑफिस रिकामं केलं. पुस्तकं मिशोने गाडीत ठेवली. म्हणाला, आजीने निरोप दिलाय, वर्गाला या. म्हटलं, तपासणीला येईन. त्यांना मार्गदर्शनाची गरज पडणारच.

३ सप्टेंबर
तपासणीला गेलो. उशीर झाला, पहिल्या रांगेतलीच खुर्ची उरली होती. मादामनी नाव विचारलं. सांगितलं. म्हणाल्या, असं नाही रे, पुन्हा सांग. तोंडावर पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. पुन्हा सांगितलं. बरं जमलं म्हणाल्या.
नंतर प्लोय होते. खाल्ले.
घरपाठ दिला: घरच्यांशी रोज थोडं फ्रेंच बोलायचं. संध्याकाळी आरशासमोर उभा राहिलो. काही सुचलं नाही.