मार्गदर्शनाचे तास

९ जानेवारी

मान्यतेच्या अहवालातल्या पहिल्याच प्रश्नावर दिवस गेला. 'आपल्या प्रशिक्षणामागील तत्त्वज्ञान आणि आपली उद्दिष्टे यांची सुसंगती स्पष्ट करा.' तत्त्वज्ञान! दरवर्षी तीन मुलं मानसशास्त्राची डॉक्टरेट पुरी करायला या सरकारी मनोरुग्णालयात येतात. वर्षभर वॉर्डांत राबतात, आम्ही शिकवतो, मग जातात. संपलं तत्त्वज्ञान. पण एवढंच लिहिलं तर मान्यता समिती म्हणेल, प्रशिक्षणप्रमुख बाई कामचुकार दिसते. म्हणून दीड पान फुगवलं. वाचून मलाच लाज वाटली.

न लिहून करणार काय? मान्यता गेली तर इथल्या वर्षाला बाहेर कुत्रं विचारणार नाही. भोगतील ती मुलं.

१२ जानेवारी

देशभरातल्या प्रशिक्षणप्रमुखांचा एक ईमेल-गट आहे. सगळे माझ्यासारखेच या अहवालाच्या घाण्याला जुंपलेले. आजची चर्चा — तुम्ही कसं निभावता? नेब्रास्काची एक बाई दर प्रकरण संपलं की पाव भाजते. एकजण लॅव्हेंडरची मेणबत्ती लावून बसतो. एकीने लिहिलंय, 'अहवाल म्हणजे आपल्या कामाला लिहिलेलं प्रेमपत्र समजा.' तिच्या नवऱ्याची दया आली.

आणि हे सगळे लोकांची मनं दुरुस्त करणारे!

मी कशी निभावते? या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून. पीठ मळायला नको, काडी पेटवायला नको.

१९ जानेवारी

समिती विचारते, मार्गदर्शक किती? खरं उत्तर — एक कमी. कार्लिन शरद ऋतूतच सोडून गेली. आता घरी बसून पडद्यावर रुग्ण तपासते, म्हणे लोकरी मोजे घालून. तिच्या जागेवर कोणी आलेलं नाही. डुलुथच्या थंडीत, सरकारी पगारावर, कोण मरायला येतंय?

यंदाच्या तीन इंटर्नपैकी जोएल आणि ब्रिटाला त्यांचे मार्गदर्शक आहेत. कार्लिनकडची माय सी थाओ माझ्या गळ्यात पडली. नियम असा, की प्रत्येक इंटर्नसोबत जाणत्या मानसशास्त्रज्ञाने आठवड्यातून दोन तास एकट्याने बसायचं, तिच्या रुग्णांबद्दल बोलायचं. माय सी दारात उभी राहून विचारते, "येऊ का?" आत आली की, "बसू का?" उद्या विचारेल, श्वास घेऊ का. असली माणसं मला सोसत नाहीत.

२६ जानेवारी

माय सीचा तास रद्द केला. मार्गदर्शनाचं प्रकरण या आठवड्यात संपवायचंय.

२ फेब्रुवारी

परत रद्द. ती म्हणाली, "काही हरकत नाही, डॉक्टर." हरकत असली तरी ही हेच म्हणणार.

५ फेब्रुवारी

प्रेस्टन लुकन्स डोकावून गेला. हा आमचा वैद्यकीय संचालक. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, दात पांढरेशुभ्र. "वर्ना, अहवालात जरा चमक हवी बरं का!" चमक. तिसऱ्या वॉर्डाच्या छतातून पाणी गळतंय, खाली बादली ठेवलीय. तिथे पाड म्हणावं चमक.

शेजारचा आर्ने विचारत होता, शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला येतेस का. नाही म्हटलं. बर्फाला भोक पाडून त्यात तासन्‌तास बघत बसायचं — ते तर मी इथे रोजच करते.

१३ फेब्रुवारी



दुपारी दार वाजलं. माय सी. "डॉक्टर, पाच मिनिटं मिळतील? सुलो माकीबद्दल बोलायचं होतं." सुलो म्हणजे तिसऱ्या वॉर्डातला म्हातारा. जन्मभर लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर काम केलेला, बायको गेल्यापासून बोलणं बंद केलेला. मी मान वर केली नाही. म्हटलं, "गुरुवारी बोलू." ती गेली.

संध्याकाळी मुख्य परिचारिकेकडून कळलं. सुलो सकाळी माय सीला म्हणाला होता, आज रात्री स्वतःला संपवतो. तिने लगेच परिचारिकांना सांगितलं. खोलीची झडती झाली, काही सापडलं नाही. मग ती माझ्याकडे आली. मी घालवून दिल्यावर परत जाऊन त्याच्याजवळ बसली. सगळी दुपार. जेवली नाही, उठली नाही. शेवटी म्हाताऱ्याने स्वतःच सदऱ्याखालून चादरीच्या पट्ट्यांचा वळलेला दोर काढून तिच्या हातात दिला.

वॉर्डात गेले. ती हात धूत होती. म्हटलं, "छान केलंस."

"मी केलं ते बरोबर होतं का?"

"हो."

"मग हे मला दुपारी कोणीतरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हात पुसले आणि गेली.

खोलीत आले. पडद्यावर माझं अर्धं वाक्य तसंच होतं. ती दार वाजवत होती तेव्हा मी लिहीत होते — 'अडचणीच्या प्रसंगी इंटर्नला तत्काळ मार्गदर्शन उपलब्ध'

१४ फेब्रुवारी

ते प्रकरण पुसून टाकलं. नवं लिहिलं. एका मार्गदर्शकाची जागा रिकामी आहे. एका इंटर्नचे तास भरलेले नाहीत, बहुतेक आठवडे भरलेले नाहीत. याला जबाबदार प्रशिक्षणप्रमुख. खाली माझं नाव. अर्ध्या पानात झालं. या अहवालातलं हेच अर्धं पान वाचताना लाज वाटत नाही.

माय सीचा तास घेतला. दोन्ही तास. ती सुलोबद्दल बोलली, मी ऐकलं. हुशार आहे मुलगी. याचाही राग आला.

१८ फेब्रुवारी

प्रेस्टनने वाचलं. दार लावून घेतलं.

"हे काय लिहिलंयस?"

"जे झालं ते."

"वर्ना, भरती चालू आहे असं लिही. तास पर्यायी पद्धतीने पूर्ण केले असं लिही."

"पर्यायी म्हणजे कसे? स्वप्नात?"

"मान्यता गेली तर वरचे लोक आपला कार्यक्रमच गुंडाळतील. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग काढ ते पान."

"सही माझी आहे, प्रेस्टन. तुझी हवी असेल तर तू लिही सगळा अहवाल. तत्त्वज्ञानापासून."

तो दार उघडून निघून गेला. तत्त्वज्ञानाला सगळेच घाबरतात.

३ मार्च

पाठवला. त्या पानासकट. गटावर कोणीतरी विचारलं, अहवाल गेल्यावर साजरं कसं करता? मी झोपले.

८ एप्रिल

समितीचे दोन पाहुणे आले. डॉ. हॅरिएट पेंबर — पांढरे केस, सगळं दोनदा विचारतात. सोबत एक गृहस्थ, जे फक्त मान डोलावतात. प्रेस्टनने तिसऱ्या वॉर्डातली बादली लपवली. पाणी डॉ. पेंबरच्या खांद्यावर पडलं. दिवसभरात एवढंच काय ते मनासारखं झालं.

उद्या ते इंटर्नशी बंद दाराआड बोलणार. तिथे आम्हाला मज्जाव.

९ एप्रिल

निरोपाच्या बैठकीत डॉ. पेंबर चष्मा काढून म्हणाल्या, "एक गोष्ट जुळत नाही. अहवालात तुम्ही लिहिता, तास भरले नाहीत. तिन्ही इंटर्न सांगतात, भरले. मिस थाओ तर म्हणाल्या, तुम्ही रोज काम संपल्यावर थांबून त्यांच्यासोबत बसत होता."

प्रेस्टन लगेच म्हणाला, "वर्ना स्वतःशी फार कठोर वागते हो. पहिल्यापासून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीच बोलले नाही! जन्मभर लोकांना भित्रे म्हणत आले, आणि मी टेबलाकडे बघत बसले.

बाहेर एप्रिलातलं बर्फ, सुपीरियर तळ्याकडून आडवं येणारं. माय सी गाडीची काच खरवडत होती.

"खोटं का बोललात तुम्ही तिघं?"

"डॉ. लुकन्सनी काल आम्हाला जेवायला नेलं होतं. म्हणाले, कार्यक्रम बंद पडला तर सगळ्यात आधी नोकरी तुमची जाईल, डॉक्टर."

"माझ्यासाठी खोटं बोललात?"

ती खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुमची कीव आली, डॉक्टर. तुम्हाला इथे कोणीच आवडत नाही. हे कामही नाही. तरी रोज येता. त्यातून हेही गेलं तर तुमच्याकडे काय राहणार, असं वाटलं आम्हाला."

गाडीत बसले. किल्ली सापडेना. हातातच होती.

मुलांना इथे माणसं ओळखायला शिकवतो म्हणे. शिकली.

१० एप्रिल

बर्फामुळे विमानं रद्द, पाहुणे हॉटेलातच अडकलेले. सकाळी डॉ. पेंबरना फोन लावला. एका दमात सांगितलं. अहवाल खरा आहे. मुलं खोटं बोलली, ती मला वाचवायला. मी ऐकून गप्प बसले, तो दोष माझा. मुलांना यात ओढू नका, मान्यता काढायची तर काढा.

मग त्या म्हणाल्या, "हे मला आत्ताच कळलंय. मिस थाओ माझ्यासमोर बसल्या आहेत. या बर्फात गाडी चालवत आल्या. फोन देऊ त्यांना?"

म्हटलं, "नको. मीच येते तिकडे."