जेवणात चुकलं

आबा, भोपाळला काय झालं ते मी तुम्हाला कधी खरं सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, भावसिंगपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांवर आता मजला चढलाय, शहराचं नावसुद्धा बदललं. छावणी मात्र बरीचशी तशीच आहे. सकाळी मी तिकडूनच फिरायला जातो आणि ऑफिसर मेसचं फाटक आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायला लागतो. तिथं आता मला ओळखणारं कोणी नाही. तरी पाय तसेच वळतात.

तुम्ही सोयगावकडचे, मेंढरांमागं वाढलेले. विशीत छावणीत आलात, मेसमध्ये आधी भांडी घासलीत, मग वाढपी झालात आणि शेवटपर्यंत वाढपीच राहिलात. मायनं भाताच्या पेजेत कडक केलेला पांढरा कोट, पितळी बटणं, आणि पाहुणे असले की तुऱ्याचा फेटा. सायकलवर कोट चुरगळेल म्हणून तुम्ही तो पेपरात गुंडाळून न्यायचा आणि तिथं जाऊन घालायचा. लहानपणी गल्लीतली पोरं विचारायची, तुझा बाप मिलिट्रीत हाय का? मी व्हय म्हणायचो. तेव्हा ते मला खोटं वाटत नव्हतं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा छावणीच्या मैदानावर भरती निघाली. शेजारचा माझा दोस्त रोज पहाटे पडेगावपर्यंत पळायचा, मीही त्याच्याबरोबर पळायचो. तुम्ही जेवायला बसला होतात, तेव्हा मी सांगितलं की मीबी भरतीला उभा राहतो. तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात.

"शिपाई म्हणून?"

"मग? शिपाई व्हायला काय वाईट हाय?"

"वाईट नाय. मी कुठं वाईट म्हणालो. पण शिपायाला सांगतेत, सायबाला इचारतेत. मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलंच हाय. तुला कोणीतरी इचारावं."

"ऑफिसरची परीक्षा इंग्रजीत असती आबा. वर बोर्ड असतं, पाच दिवस पारखून निवडतेत. तिथं बड्या घरची पोरं येतेत."

"तीच पोरं पुढं माझ्या टेबलावर येतेत. मी बघितलीत. काय वेगळी नसतेत. नुसतं बसायला-उठायला शिकलेली असतेत. ते मी शिकवतो तुला."

भरतीला तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. त्या दिवशी मला मुद्दाम गावाकडं आत्याकडं पाठवलंत. दोस्त भरती झाला आणि मी तुमच्याशी आठवडाभर धड बोललो नाही. मग तुम्ही मेसमधल्या एका कॅप्टनसाहेबांकडून परीक्षेची माहिती काढून आणलीत, जुनी पुस्तकं आणलीत. मी रागारागातच अभ्यास केला आणि लेखी परीक्षा पास झालो. भोपाळला बोर्डापुढं हजर राहायचं पत्र आलं. तुम्ही ते पत्र पेपरात गुंडाळलेल्या कोटाच्या खिशात घालून मेसमध्ये नेलंत. कॅप्टनसाहेबांनी ते वाचलं आणि स्वतःचा एक टाय तुमच्या हाती माझ्यासाठी दिला.

त्यानंतर दीड महिना आपल्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसू पुरतं येण्याआधीच थांबतं. मेसच्या हवालदारांनी मोडीत निघालेले दोन काटे आणि एक सुरी तुम्हाला दिली होती. तुम्ही पत्र्याची पेटी ओढून तिच्यावर चादर घातलीत, ते माझं टेबल. समोर मायची आमटी, ती म्हणजे सूप. "चमचा आपल्याकडून पलीकडं न्यायचा. आपल्याकडं वढायचा नाय. आवाज करायचा नाय." भाकरी सुरीनं कापताना ती तुटून चुलीपर्यंत उडाली तेव्हा माय पदर तोंडाला लावून बाहेर गेली. "जेवण संपलं की काटा नि सुरी शेजारी शेजारी ठेवायची, म्हंजे वाढपी ताट उचलतो. फाकवून ठेवली तर उचलत नाय, सायबाला अजून पायजे असं समजतो." हे सगळं तुम्ही माझ्या डाव्या खांद्यामागं उभं राहून सांगायचा. मी म्हणालो, आबा, बसा की समोर, दाखवा करून. तुम्ही म्हणालात, "मला बसून नाय सांगता येत."

मनमाडपर्यंत छोटी लाईन, तिथून मोठी गाडी. भोपाळला उतरलो तेव्हा फलाटावर एका जवानाच्या हातात बोर्डाची पाटी होती आणि तिच्याभोवती पंधरा-वीस पोरं जमलेली होती. मी टाय गाडीतच बांधला होता. एक उंच पोरगा पुढं आला, हात मिळवला, नाव-गाव झालं. मग त्यानं विचारलं, "फादर क्या करते हैं?" मी म्हणालो, "आर्मी में हैं." गल्लीत म्हणायचो तसंच म्हणालो. पण त्यानं पुढं विचारलं, "रँक?"

आबा, एवढं एकच उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, "मेजर."

तो खुश झाला. त्याचे वडीलही मेजर होते. त्यानं आणखी दोघांना बोलावून माझी ओळख करून दिली, माझी बॅग स्वतःच्या बॅगेशेजारी ठेवली, म्हणाला तिथं आपण एकाच खोलीत राहू. मग त्यांच्यातला एक जण, जो आधी एकदा बोर्डाला येऊन गेला होता, तो सांगायला लागला की गेल्या गेल्या सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून फॉर्म भरून घेतात. त्यात वडिलांचा हुद्दा, नोकरी सगळं लिहावं लागतं आणि मुलाखतीत त्यावरच विचारतात. मी हिशोब करत होतो की हा उंच पोरगा माझ्या शेजारीच बसणार. खरं लिहिलं तर तो बघेल. खोटं लिहिलं तर बोर्ड पकडेल. तुम्ही दीड महिना माझ्यामागं उभे राहिला होतात त्यातलं काहीसुद्धा त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. तुमचा पांढरा कोट तेवढा डोळ्यांपुढं होता, आणि तो कोणाला दिसू नये असं वाटत होतं. ट्रक आला. पोरं चढायला लागली. मी म्हणालो, पाणी पिऊन येतो, बॅग उचलली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडलो.

बोर्ड पाच दिवस चालतं हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी पाच दिवस स्टेशनसमोरच्या धर्मशाळेत काढले. दिवसभर तलावाच्या काठानं हिंडायचो. सहाव्या दिवशी परतीची गाडी धरली.

तुम्ही स्टेशनवर आला होतात. सायकल हातात धरून फाटकाशी उभे. माझं तोंड बघून तुम्हाला कळलं. माझी बॅग तुम्ही सायकलच्या कॅरियरला बांधलीत. मग पाणचक्कीच्या पुलावर थांबून विचारलंत, "कशात चुकलं रे?"

मी गाडीत या प्रश्नाचं उत्तर जुळवलं नव्हतं. झालं नाही, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. धावण्यात चुकलं म्हणालो असतो तरी चाललं असतं, इंग्रजीत चुकलं म्हणालो असतो तर तुम्ही लगेच मानलं असतं. पण तुमच्यामुळंच मला तिथं जावं लागलं, तुमच्यामुळंच माझी ही गत झाली, असा राग माझ्या मनात कुठंतरी होता. मी म्हणालो, "जेवणात चुकलं. टेबलावर."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि सायकल ढकलायला लागलात.

त्यानंतरची ती दुपार. मी बाहेरून येतोय, दार नुसतं लोटलेलं आहे. माय शेजारी गेलीय. तुम्ही पेटीसमोर बसला आहात, तुम्ही, ज्यांना बसून सांगता येत नव्हतं. पुढं रिकामं ताट आहे. काटा डावीकडं ठेवता, उजवीकडं ठेवता, हात उलटे करून बघता. माझी चाहूल लागते तेव्हा तुम्ही उठत नाही. वर बघून, एखाद्या साहेबाला विचारावं तसं हळूच विचारता, "काटा कोणच्या बाजूला पायजे म्हणले तिथं?"

मी म्हणतो, "राहू द्या आबा."

"नाय, माझंच चुकलं असंल. मी सगळं उभ्यानं बघितलं. बसून कधी बघितलं नाय. बसणाऱ्याचा डावा नि उभ्याचा डावा, त्यात काय फरक पडत असंल."

त्या वेळी सांगता आलं असतं. तुम्ही फार तर दोन शिव्या दिल्या असत्या. मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायलो आणि परत बाहेर निघून गेलो.

पुढच्या भरतीला मी उभा राहिलो, तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. निघताना माझी बिस्तऱ्याची वळकटी तुम्हीच बांधलीत. म्हणालात, "शिपाई तर शिपाई. नीट ऱ्हा." ट्रेनिंगमध्ये लंगरच्या रांगेत ताट घेऊन उभा राहिलो, चिखलात बसून हातानं जेवलो, आणि मला खरोखर बरं वाटलं. मी हे काम चांगलं केलं आबा, तेवढं मात्र खरं. चार वर्षांनी आमच्या कमांडिंग साहेबांनी बोलावून सांगितलं की तू शिकलेला आहेस, शिपायातूनही कमिशन घेऊन ऑफिसर होता येतं, अर्ज कर. मी घरी पत्रात सहज म्हणून ते लिहिलं. तुमचं उत्तर आलं. मेसच्या क्लार्ककडून लिहून घेतलेलं, सुवाच्य अक्षर. अर्ज अवश्य कर, असं होतं. आणि खाली: "या खेपेला मी काही शिकवणार नाही. तिथल्याच कोणा जाणत्याकडून जेवणाचं शिकून घे."

अर्ज केला. बोर्डाची तारीख येण्याआधी तुम्ही मेसमध्येच, दुपारची भांडी पुसताना गेलात. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. दहाव्याला मेसचे हवालदार आले होते, ते माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "तुझा बाप नवीन साहेब पोस्टिंगवर आला की त्याला एक गोष्ट हमखास विचारायचा. साहेब, बोर्डात जेवताना काय बघतात? साहेब हसायचे. म्हणायचे, बाबा, तिथं कसं जेवतात ते कोणी बघत नाही. एकानं नाही, सगळ्यांनी सांगितलं. पण याला पटायचं नाही. मला म्हणायचा, साहेब लोक मला बरं वाटावं म्हणून बोलतेत. माझं पोरगं मला कशाला खोटं सांगंल?"

हवालदार हे कौतुकानं सांगत होते. मी मान हलवत राहिलो.

दोन महिन्यांनी बोर्डाला गेलो. या वेळी ट्रकमध्ये चढलो. फॉर्मवर वडिलांच्या नोकरीपुढं लिहिलं, ऑफिसर मेसमध्ये वाढपी, हयात नाहीत. याआधी बोर्डापुढं आला होतात का, असाही एक प्रश्न होता. तिथं "नाही" लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. शेजारच्यानं माझ्या कागदाकडं ढुंकून पाहिलं नाही. मुलाखतीत कर्नलसाहेबांनी विचारलं, वडील कोणत्या मेसमध्ये होते, किती वर्षं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग आमच्यासारख्या बऱ्याच जणांना त्यांनी जेवू घातलं असेल. आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. ज्याच्यासाठी मी भोपाळच्या फलाटावरून पळालो होतो, ते अर्ध्या मिनिटात आटोपलं. जेवायला पाच दिवस सगळे एकत्र बसत होतो. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. माझी निवड झाली नाही. चार जणांना घेऊन अडथळे पार करायचे होते, तिथं मी प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हुकुमाची वाट बघत राहिलो, आणि ते त्यांनी बरोबर ओळखलं. खरोखर नापास झालो, त्याचं कारण सांगायला तेव्हा घरात तुम्ही नव्हतात.

हे सगळं लिहायला दोन दिवस लागले. हे पत्र ठेवायचं कुठं तेही ठरवलेलं नाही. माय मागच्या पौषात गेली. शेवटपर्यंत ती आल्या-गेल्याला सांगायची, ह्याच्या बापानं ह्याला लई जीव लावून शिकवलं, पण त्या माणसाला सगळं कुठून ठाऊक असणार. मी तिथंच बसलेला असायचो. तिला वाईट वाटेल म्हणून खरं सांगत नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. तसं नव्हतं आबा. ती माझ्याशी बोलणं टाकेल, ही भीती होती. आता तसं करणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो.