जीपवालीला कामावर जावं लागत नाही

आई, तुझ्या जीपवालीबद्दल लिहायचं आहे. ती खरी नव्हती हे मला तेव्हाही ठाऊक होतं. विंचूरला व्यापाऱ्याच्या खळ्यावर तुम्ही पंधरा-वीस बायका कांदा निवडायला बसायचात. शाळा सुटली की मी दप्तरासकट तुझ्याजवळ येऊन टेकायचे, आणि हात न थांबवता तू सुरू करायचीस: एक बाई होती, घाटात काळी-पिवळी जीप चालवायची. जीप चालवणारी बाई तू उभ्या जन्मात पाहिली नव्हतीस, तरी तिचा पदर कसा खोचलेला, ती हॉर्न कसा वाजवायची, सगळं तुला माहीत. खळ्यावरचा नियम असा, की जिला जोडकांदा, एका सालीत दोन, सापडेल तिनं पुढं काय घडतं ते सांगायचं, आणि तू ते गोष्टीत घ्यायचीस. एकदा एका पुढाऱ्यानं बाळंतिणीला पुढच्या सीटवरून उठवलं. जीपवालीनं इंजिन बंद केलं, किल्ली कमरेला खोचली आणि रस्त्याच्या कडेला चिवडा खात बसली. "आधी तू उतर, मंग गाडी हालंल." बायका हसून लोटपोट. मी मात्र हसत नव्हते, पाठ करत होते. वर्गात मास्तरांना उलट विचारणारी, कंडक्टरशी भांडणारी, लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांच्या तोंडावर ‘नोकरी सोडणार नाही’ म्हणणारी मी नव्हतेच, जीपवाली होती. लोक म्हणत, पोरगी फटकळ आहे. मला ते फार आवडायचं.

मग सहावीतला तो दिवस. तुझ्यापुढच्या गोणीत सडका कांदा निघाला आणि मुकादम सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "डोळे घरी ठिवून येती का गं?" आणखीही बरंच बोलला, ते मला लिहवत नाही. मी तुझ्याकडे बघतेय. आता उठेल, आता ऐकवेल. तू मान खाली घालून पुढचा कांदा उचलतेस. घरी जाताना मी तुझ्यापासून चार पावलं लांब चालत होते. म्हणाले, "तुह्या गोष्टीतली जीपवाली असती तर गप नसती बसली. तू घाबरट हाय." तू चिडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "ती गोष्टीतली हाय. तिला उंद्या कामाला यायचं नसतं." त्यानंतर कुणाला जोडकांदा सापडला की बायका तुझ्याकडे बघायच्या, आणि तू म्हणायचीस, जीप बंद पडलीये. ती पुन्हा कधी चालू झाली नाही, आणि ती मी बंद पाडली होती हे मला कळत होतं. तुझ्या दहाव्याला, खळ्यावर तुझ्या शेजारी बसणारी मावशी माझा हात धरून म्हणाली, "ती गोणी माही व्हती बाई. मला तव्हाच दिसंनासं झालं व्हतं. तुही आई बोलली असती तर मला काढलं असतं." मी हमसून रडले. लोकांना वाटलं लेक आईसाठी रडतेय. मी लाजेनं रडत होते.

एवढं कळल्यावर तरी माणसानं सुधारावं. मी आता सिन्नरच्या एका कारखान्यात आहे, कंत्राटी बायकांच्या पाळ्या मी लावते. बदललेली पाळी आदल्या दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची, एवढं साधं काम. मागच्या महिन्यात एकीची दुपारची पाळी बदलून सकाळची केली आणि ते टाकायला मी विसरले. ती बिचारी दुपारी आली, सकाळची लाईन तिच्यावाचून अडली होती. मॅनेजर तिला सगळ्यांसमोर फाडून खात होते. ती म्हणाली, "साहेब, मला कुणी सांगितलंच नाही." मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. आई, मी म्हणाले, "ग्रुपवर टाकलं होतं." आणि मग मोबाईल खिशात ठेवून दिला, कुणी बघायला मागू नये म्हणून. तिला त्याच दिवशी कामावरून बंद केलं. तिचा गेटपास मीच परत घेतला. ती भांडली नाही, नुसतं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम." तू गप्प बसलीस ती दुसरीला वाचवायला. मी बोलले ती स्वतःला वाचवायला, आणि तेही खोटं. आयुष्यभर फटकळ म्हणून मिरवलं, पण ते समोर मास्तर, कंडक्टर असले तरच. उद्या कामावर यायचं असतं तिथं माझी जीभ अशी चालते.

हे तुला पाठवायचा प्रश्नच नाही. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं.

अजून एक राहिलं. त्या संध्याकाळी माझा चेहरा बघून लेकीनं विचारलं, काय झालं. ती पाचवीत आहे. मी तिला सगळं सांगितलं: बाई, मॅनेजर, ओरडणं. फक्त शेवट बदलला. म्हटलं, मी पुढे झाले, चूक माझी आहे म्हणाले, आणि त्या बाईला कामावर ठेवून घ्यायला लावलं. तिचे डोळे कसे चमकले ते तुला सांगत नाही. तिनं शाळेत त्यावर निबंध लिहिला, ‘माझी आई कुणाला घाबरत नाही’. बाईंनी शेरा दिलाय, छान. वही घरी आली, शेऱ्याखाली पालकांची सही लागते. मी केली.